आयर्न मेडनचे १७ अल्बम: कान कुठे लावायचा

१३ मिनिटं ४५ सेकंदांचं एक गाणं आहे. पाच मिनिटं होऊन गेल्यावर त्यात सगळं थांबतं. ड्रम बंद, गाणारा गप्प, गिटार नुसत्या तरंगत राहिलेल्या. लाकडी जहाज पाण्यावर करकरतं तसा आवाज येतो, खाली बासचे मोजके स्वर, आणि त्यावर एक जाडसर आवाज कवितेच्या ओळी म्हणत जातो. १९९४ साली डोंबिवलीत, मित्राच्या थोरल्या भावाच्या वॉकमनवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सेल संपले. झाकण उघडायला बोट लावलं, तेवढ्यात बास हलला. मग ड्रमची हलकी टिकटिक, मग एक गिटार, मग दुसरी, आणि बघता बघता सगळा बँड भरधाव सुटला. मी बोट काढलं ते कॅसेट संपल्यावरच.

ते गाणं म्हणजे 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर', कोलरिजच्या १७९८ सालच्या दीर्घकवितेवर बांधलेलं, 'पॉवरस्लेव्ह' या १९८४ च्या अल्बमचं शेवटचं. त्या दिवसापासून मी आयर्न मेडन ऐकतोय. इतक्या वर्षांत ओळखीच्या कितीतरी जणांनी मला तेच दोन प्रश्न विचारलेत. एक, हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट, त्यात ऐकायचं काय? आणि दोन, १९८० ते २०२१ या काळात १७ स्टुडिओ अल्बम आहेत, सुरुवात कुठून करायची? दोन्हींचं उत्तर एकाच माणसापाशी आहे, आणि तो गायक नाही. तो बास वाजवतो.

स्टीव्ह हॅरिस हा पूर्व लंडनच्या लेटनस्टोन भागातला. वेस्ट हॅम युनायटेड या फुटबॉल क्लबचा कट्टर चाहता, पोटासाठी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. १९७५ च्या ख्रिसमसला त्याने हा बँड उभा केला. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथने मेटलचा पाया तोवर घातलेला होता, जुडास प्रीस्टही आलेले होते, पण लंडनमध्ये लवकरच पंकचा जोर झाला. तीन मिनिटं, तीन कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ), कापलेले केस. हॅरिसचा जीव मात्र जेथ्रो टल आणि जेनेसिस यांच्यासारख्या लांबलचक, वळणं घेणाऱ्या संगीतात. पंकची गती आणि या मंडळींची गुंतागुंत, या दोन्ही गोष्टी एका गाण्यात बसवणं हा मेडनचा मूळ उद्योग. पुढच्या सगळ्या अल्बमांत हाच उद्योग चालू आहे, कधी तो जमला आहे, कधी फसला आहे.

आधी दोन गोष्टी कानाला ओळखता यायला हव्यात. त्या ओळखता आल्या की 'गोंगाट' हा शब्द आपोआप गळून पडतो.

पहिली गोष्ट घोड्याची चाल. इंग्रजीत तिला गॅलप म्हणतात. एका मात्रेचे चार भाग करा. पहिल्या स्वराला दोन भाग द्या, पुढच्या दोघांना एकेक. तोंडाने म्हणायचं तर धाऽतिर, धाऽतिर, धाऽतिर. हे हॅरिस बासवर वाजवतो आणि पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, न वापरता, उजव्या हाताच्या बोटांनी. 'द ट्रूपर' या गाण्यात ही चाल सेकंदाला सात-आठ स्वर या वेगाने जाते. बास बहुतेक बँडांत मागे घुमत असतो, भिंतीला पाया असतो तसा, दिसत नाही. हॅरिसचा बास पुढे असतो. जाड तार फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटल्याचा खणखणीत आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो. 'द ट्रूपर' आहे १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या घोडदळाच्या हल्ल्याबद्दल, त्यामुळे तिथे ती चाल म्हणजे शब्दशः टापा आहेत.

दुसरी गोष्ट जोडगिटार. घरच्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर मला मेडनची गिटार एकच वाटायची, जरा जास्त गोड, एवढंच. त्या वॉकमनने फरक दाखवला: डाव्या कानात एक गिटार, उजव्या कानात दुसरी, आणि दोघी एकच धून म्हणत नव्हत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर मेडनची बरीचशी गाणी आसावरी थाटाच्या स्वरांत आहेत, म्हणजे ग, ध आणि नि कोमल. एक गिटार सा वर असेल तर दुसरी कोमल ग वर असते. पहिली रे वर गेली की दुसरी म वर. वळण दोघींचं एकच, मध्ये दोन पायऱ्यांचं अंतर कायम. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वरओळ चालते, त्यामुळे आपल्या कानाला हे नवं असतं, आणि म्हणूनच ते इतकं पटकन धरून ठेवतं. ही युक्ती मेडनने शोधलेली नाही. विशबोन अॅश आणि थिन लिझी हे बँड ती आधीपासून वापरत होते. मेडनने तिला वेग दिला, आणि गाण्याच्या मधोमध तिच्यासाठी मोकळी जागा ठेवली. हॅरिसच्या गाण्यांत तर आणखी एक ठरलेली वाट आहे: खालचे कॉर्ड सा वरून कोमल ध वर, तिथून कोमल नि वर, आणि परत सा. ही वाट एकदा ओळखलीत की १७ पैकी कुठलाही अल्बम लावा, ती भेटतेच.

आता अल्बम.

माझं म्हणणं असं: मेडनचा अल्बम चांगला की वाईट हे हॅरिस किती चांगला लिहितो यावर कमी ठरतं. त्याला 'आता पुरे' किंवा 'हे असं करून बघू' म्हणणारा तोलामोलाचा माणूस शेजारी आहे की नाही, यावर जास्त ठरतं. अल्बमच्या आत गाण्यांचे लेखक छापलेले असतात. ती नावं वाचत वाचत ऐका, बरंच काही उलगडतं.

पहिला अल्बम, 'आयर्न मेडन', एप्रिल १९८० चा. त्यातली बहुतेक गाणी हॅरिसची, आणि ती अल्बमच्या आधी कितीतरी वर्षं पूर्व लंडनच्या पबांमध्ये वाजलेली. कार्ट अँड हॉर्सेस, रस्किन आर्म्स अशा ठिकाणी हातात बिअरचा ग्लास घेतलेल्या, कंटाळा आला तर पाठ फिरवणाऱ्या लोकांसमोर. तिथे 'पुरे' म्हणायचं काम त्या लोकांनीच केलं. म्हणून 'फँटम ऑफ द ऑपेरा' सात मिनिटांचं असूनही त्यात एक सेकंद फालतू नाही. ध्वनिमुद्रण अगदीच पातळ आहे, ते मान्य. पण गायक पॉल डियानोचा रस्त्यावरच्या पोरासारखा आवाज त्या पातळपणात शोभतो. १९८१ चा 'किलर्स'ही बराचसा जुन्याच गाण्यांवर उभा आहे. इथे निर्माता म्हणून मार्टिन बर्च आला, डीप पर्पल आणि ब्लॅक सॅबथचे अल्बम केलेला माणूस, आणि आवाजाला एकदम अंग आलं. एड्रियन स्मिथ हा गिटारवादकही इथेच आला, पण त्याची लेखणी अजून दिसली नव्हती.

दोन अल्बमांत पबातली शिल्लक संपली. डियानोला जावं लागलं, दौऱ्यांचा ताण आणि त्याचं जगणं यांचा मेळ बसेना. सॅमसन या बँडमधून ब्रूस डिकिन्सन आला. १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा त्यामुळे खऱ्या अर्थाने पहिला अल्बम म्हणायला हवा: बहुतेक सगळं नव्याने लिहिलेलं, आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं. डिकिन्सनचं नाव लेखकांत नाही, कारण जुन्या बँडच्या कराराची अडचण होती. स्मिथचं मात्र तीन गाण्यांवर आहे. शीर्षकगीताच्या सुरुवातीच्या शांत ओळी बर्चने डिकिन्सनकडून कित्येक तास परत परत गाऊन घेतल्या. पुढे जी लांब किंकाळी येते तिच्यात तो सगळा साचलेला वैताग आहे असं मला नेहमी वाटतं. अमेरिकेत काही धार्मिक गटांनी हा अल्बम सैतानाचा म्हणून रेकॉर्डी जाळल्या. गाणं एका दुःस्वप्नाचं आहे, पूजेचं नव्हे, हे शब्द वाचले की लगेच कळतं.

पण या अल्बमचा गाभा शेवटी आहे. 'हॅलोड बी दाय नेम', हॅरिसने एकट्याने लिहिलेलं. फाशीच्या कैद्याची शेवटची घटका. घंटेचा ठोका, संथ गिटार, आणि डिकिन्सन जवळजवळ बोलल्यासारखा गातो. मग त्याला कोठडीतून बाहेर काढतात आणि ताल उभा राहतो. मधे जोडगिटार येतात, त्या रडत नाहीत, उलट मोकळ्या होत जातात. शेवटी लय दुपटीला गेल्यासारखी वाटते आणि गाणं धावत सुटतं. विलंबितापासून द्रुतापर्यंत जाताना मन कसं हळूहळू वर चढतं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. सात मिनिटांत तोच प्रवास इथे होतो. मेडनचं एकच गाणं ऐकायचं असेल तर हेच ऐका.

१९८३ चा 'पीस ऑफ माइंड' बहामाज बेटांवरच्या नासाऊमध्ये मुद्रित झाला. ड्रमर क्लाइव्ह बर जाऊन निको मॅकब्रेन आला होता. पहिल्याच गाण्याच्या पहिल्या सेकंदाला तो आपली ओळख करून देतो. मेटलचे बरेच ड्रमर दोन पायांनी दोन पेडल चालवतात. निको आयुष्यभर जवळजवळ सगळं एका पायाने वाजवत आला. 'व्हेअर ईगल्स डेअर'मधला तो पाय लक्ष देऊन ऐका, एकच आहे यावर विश्वास बसत नाही. बरबद्दल मात्र मला कायम हळहळ वाटते. त्याच्या हाताला एक झोका होता जो पुन्हा आला नाही. पुढे त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला आणि २०१३ साली तो गेला.

'पॉवरस्लेव्ह'मध्ये सगळे जण पूर्ण भरात आहेत. 'एसेस हाय' हॅरिसचं, 'टू मिनिट्स टू मिडनाइट' स्मिथ आणि डिकिन्सनचं, शीर्षकगीत डिकिन्सनचं, आणि शेवटी ते १३ मिनिटांचं जहाज. मधली चार गाणी मात्र सामान्य आहेत. तलवारबाजीवर लागोपाठ दोन गाणी कशाला, हा प्रश्न मला अजून पडतो. यानंतरचा दौरा वॉर्सातून सुरू झाला आणि जवळपास ११ महिने चालला, १८० हून जास्त कार्यक्रम. त्या दौऱ्याने माणसं पिळून निघाली, आणि त्याचे परिणाम पुढच्या अल्बमात दिसतात. १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'साठी डिकिन्सनने साधी, अकूस्टिक वळणाची गाणी आणली होती, ती बाकीच्यांनी नाकारली. म्हणून या अल्बमवर लेखक म्हणून त्याचं नाव एकदाही नाही. पोकळी भरली स्मिथने. 'वेस्टेड इयर्स' पूर्णपणे त्याचं आहे: पाच मिनिटं, घरापासून फार दूर गेलेल्या माणसाचं, डोक्यातून न जाणाऱ्या गिटारच्या ओळीवर बेतलेलं. हॅरिसने हे कधीच लिहिलं नसतं. तो घोडदळ लिहितो, फाशी लिहितो, सिकंदर लिहितो. स्वतःच्या मनातलं दोन साध्या ओळींत सांगून मोकळं होणं हे स्मिथचं काम. एकाच बँडमध्ये हे दोघं असणं हेच मेडनचं भाग्य आहे.

आणि मग १९८८, 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'. सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला दिव्यदृष्टी असते अशा जुन्या लोकसमजुतीवर रचलेली एक सलग कथा. सातवा अल्बम म्हणून हे नाव. पहिलं गाणं ज्या अकूस्टिक ओळींनी सुरू होतं त्याच ओळींनी शेवटचं संपतं. लेखकांची नावं बघा: स्मिथ आणि डिकिन्सन, स्मिथ, डिकिन्सन आणि हॅरिस, मरी (पहिल्यापासूनचा गिटारवादक डेव्ह मरी) आणि हॅरिस, हॅरिस आणि डिकिन्सन. सगळे एकमेकांच्या गाण्यात हात घालतायत. कीबोर्ड आले म्हणून त्या वेळी काही चाहत्यांनी नाकं मुरडली. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत पूर्ण अल्बम आहे. यात काढून टाकावं असं एकही गाणं मला सापडलेलं नाही.

यानंतर उतार. पुढचा अल्बम साधा, खरखरीत करायचा ठरला. स्मिथचं मन त्यात रमेना आणि तो १९९० मध्ये बाहेर पडला. यानिक गर्स आला, चपळ, मंचावर गिटार गरगरा फिरवणारा, पण स्मिथच्या जोडीचा गीतकार तो नव्हता. 'नो प्रेयर फॉर द डाइंग' हॅरिसच्या एसेक्समधल्या घरी फिरता स्टुडिओ आणून केला. एकही गाणं सहा मिनिटांचं नाही, आणि गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये एकेरी गाण्यांच्या यादीत मेडनचं एकमेव पहिल्या क्रमांकाचं गाणं याच फिक्या अल्बमातलं. १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'चं शीर्षकगीत अजरामर आहे, बाकी अल्बम वर-खाली. त्यानंतर मार्टिन बर्च निवृत्त झाला. १९९३ मध्ये डिकिन्सन गेला. 'पुरे' म्हणणारे तिघेही तीन-चार वर्षांत नाहीसे झाले.

इथे माझ्याच सिद्धांताला छेद देणारा अल्बम येतो, आणि त्यावर मला थोडं थांबायचंय. १९९५ चा 'द एक्स फॅक्टर'. नवा गायक ब्लेझ बेली, खालच्या पट्टीचा. निर्माता हॅरिस स्वतः, सोबत नायजेल ग्रीन. स्टुडिओही हॅरिसच्याच घरचा. ७१ मिनिटं, सगळं करड्या रंगाचं. हॅरिसचा संसार त्या काळात मोडला होता. पहिलं गाणं ११ मिनिटांचं, मंद्र घोषाने सुरू होणारं 'साइन ऑफ द क्रॉस'. त्यानंतरच्या गाण्यांत युद्ध, एकटेपणा, श्रद्धेवरचा उडालेला विश्वास. हा अल्बम लांबलाय, एकसुरी आहे, कुणीतरी तीन गाणी कापायला हवी होती. तरी मी तो वर्षातून दोनदा लावतो. इथे हॅरिस कुठलीही ऐतिहासिक लढाई मध्ये न घालता स्वतःबद्दल बोलतोय, आणि ब्लेझचा जडसर आवाज त्या बोलण्याला खरा वाटतो. ब्लेझवर अन्याय झाला तो मंचावर. डिकिन्सनच्या उंच पट्टीतली गाणी त्याला रोज रात्री गावी लागली, आणि ती त्याच्या गळ्याची नव्हतीच. या काळाला सरसकट टाकाऊ म्हणणाऱ्यांनी हा अल्बम पावसाळी रात्री, एकट्याने, शब्द समोर ठेवून ऐकावा. १९९८ च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'ची बाजू मात्र मी घेणार नाही. 'द क्लॅन्समन' सोडलं तर त्यात जीव कमी आहे. 'द एंजल अँड द गॅम्बलर' जवळजवळ १० मिनिटं एकच ओळ घोकत राहतं.

१९९९ मध्ये डिकिन्सन आणि स्मिथ दोघेही परतले. गर्सला काढलं नाही, त्यामुळे गिटारवादक तीन झाले. डेव्ह मरीचा हात तेलावरून घसरावा तसा सलग जातो. स्मिथची प्रत्येक एकल ओळ आधी रचून ठेवल्यासारखी नेटकी. गर्स वाऱ्यासारखा. २००० चा 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पॅरिसमध्ये, निर्माता केव्हिन शर्लीच्या हाताखाली, सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवून केला, आणि ते ऐकताना जाणवतं. 'ब्लड ब्रदर्स'मध्ये दादऱ्यासारखा झोका आहे. हॅरिसने ते वडील गेल्यावर, त्यांच्या आठवणीत लिहिलं. २००३ चा 'डान्स ऑफ डेथ' मुखपृष्ठामुळे बदनाम झाला, ते चित्र खरोखरच अर्धवट आहे. पण त्यातलं 'पॅशनडेल', १९१७ च्या चिखलातल्या लढाईवरचं, स्मिथ आणि हॅरिसने मिळून लिहिलेलं, त्यांच्या उत्तम दहांत बसतं.

२००६ चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' हा माझ्या लेखी उत्तरार्धातला सर्वोत्तम. युद्ध आणि धर्म यांचा कसून विचार करणारा. आवाज शेवटी पॉलिश करण्याची जी नेहमीची पायरी असते, मास्टरिंग, ती त्यांनी मुद्दाम टाळली. त्यामुळे तो जरा खडबडीत आणि जवळचा वाटतो. त्या वर्षी दौऱ्यात त्यांनी हा नवा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. जुनी गाणी ऐकायला आलेले लोक नाराज झाले, तरी वाजवला. हे धाडस मला फार मोठं वाटतं.

त्यानंतरच ते आपल्याकडे आले. मार्च २००७ मध्ये बंगळूरला, आणि १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. नव्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता. बोइंग ७५७ विमानात बँड, कामगार आणि सामान एकत्र भरून ते निघाले होते आणि ते विमान उडवणाऱ्या वैमानिकांत डिकिन्सन स्वतः होता. शुक्रवार होता. मी अर्धा दिवस टाकून कुर्ल्याला उतरलो. मैदानात धूळ, बहुतेक सगळे काळ्या टीशर्टात, कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आलेली चार मुलं माझ्या शेजारी. चर्चिलच्या भाषणाचा तुकडा वाजला आणि 'एसेस हाय' सुरू झालं. मला त्या रात्रीचं सगळ्यात जास्त काय आठवतं तर 'राइम'मधली ती शांतता. करकरणारं लाकूड, बासचे ते मोजके स्वर, आणि एवढ्या मोठ्या गर्दीत कुणी शिट्टी मारली नाही. कोल्हापूरच्या मुलांपैकी एक जण कवितेच्या ओळी पुटपुटत होता. त्याला सगळ्या पाठ होत्या.

त्यानंतरचे तीन अल्बम लांबीचे आहेत. २०१० चा 'द फायनल फ्रंटियर' मी भरभर ओलांडतो, त्यातलं शेवटचं 'व्हेन द वाइल्ड विंड ब्लोज' तेवढं थांबून ऐका. २०१५ चा 'द बुक ऑफ सोल्स' त्यांचा पहिला दुहेरी स्टुडिओ अल्बम, ९२ मिनिटांचा. त्याचं शेवटचं गाणं 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' १८ मिनिटांचं, मेडनचं सर्वांत लांब, आणि त्यावर एकट्या डिकिन्सनचं नाव. पियानोही तोच वाजवतो. विषय आर१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाचा अपघात. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते कार्डिंग्टनहून निघालं आणि त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले. ते जहाज निघालं होतं कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. म्हणजे ते आपल्याच इलाख्याच्या वाटेवर होतं, हे कळल्यापासून त्या गाण्यातला पाऊस आणि वारा मला वेगळा ऐकू येतो. हे गाणं लिहिणारा माणूस वैमानिक आहे हेही त्यात दिसतं: उड्डाणाआधीची हवा, वजनाचा हिशोब, वरिष्ठांची घाई, सगळं तपशिलाने येतं. ध्वनिमुद्रण झाल्यावर काही काळातच डिकिन्सनला जिभेच्या कर्करोगाचं निदान झालं. तो बरा झाला आणि पुन्हा गायला.

२०२१ चा 'सेंजुत्सू' ८२ मिनिटांचा आहे. शेवटची तीन गाणी एकट्या हॅरिसची, मिळून ३४ मिनिटांहून जास्त. तिन्ही हळू सुरू होतात, चढतात, जोडगिटार येतात, आणि परत हळू होतात. इथे मला तो 'पुरे' म्हणणारा माणूस पुन्हा हवासा वाटतो. तरी 'हेल ऑन अर्थ'मध्ये गॅलप सुरू होतो त्या क्षणी माझी तक्रार विरघळते. साठी ओलांडलेल्या माणसाचं बोट आहे ते, आणि अजून पिक नाही.

निकोने २०२३ मध्ये पक्षाघाताचा झटका सोसला, तरी दौरा केला, आणि ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोमध्ये मेडनसोबतचा शेवटचा कार्यक्रम वाजवून मंच सोडला. त्याच्या दीड महिना आधी पॉल डियानो गेला होता. पन्नाशीच्या दौऱ्यावर ड्रमला सायमन डॉसन बसला. डेव्ह मरी आणि हॅरिस १९८० पासून प्रत्येक अल्बमवर आहेत, बाकी कुणी नाही.

आज सुरुवात करणार असाल तर अल्बमांच्या क्रमाने जाऊ नका. आधी हेडफोन लावून 'द ट्रूपर' तीनदा ऐका, चारच मिनिटांचं आहे. पहिल्या वेळी लक्ष फक्त डाव्या कानाकडे, दुसऱ्या वेळी फक्त उजव्या. तिसऱ्या वेळी गाणारा विसरा, दोन्ही गिटार विसरा, आणि खाली चाललेलं धाऽतिर धाऽतिर तेवढं धरून ठेवा.